फिलोमेन बोलेना!

“अरे, ढवळ ना नीट! तळाला सगळा गोळा बसलाय!” ओडाली बादलीत डोकावून ओरडली.

“ढवळतोय की! हात आहेत माझे, मिक्सर नाही!” तिबू फुरंगटून म्हणाला. दहा वर्षांचा तिबू भुवयांपासून गुडघ्यांपर्यंत चुन्यानं माखला होता. थडग्याला मात्र अजून चुन्याचा थेंबही लागला नव्हता.

“तिबूलाच उभा करू या इथं. निम्मा रंगवून झालाच आहे,” डोरियन म्हणाला.

“तू गप रे! आधी ते बूट काढ!”

डोरियन ओडाली-तिबू या बहीणभावंडांचा मावसभाऊ. लॉस एंजेलिसहून सुट्टीला आला होता तो थेट पांढरेशुभ्र बूट घालूनच. ओडालीच्या वयाचा, म्हणजे तेरा वर्षांचा. सकाळपासून तो दफनभूमीतल्या चिखलात कोंबडीसारखी पावलं टाकत होता आणि तिबूला त्याची फार मजा वाटत होती.

सर्व संतांचा सण चार दिवसांवर आला होता. सणाआधी आपल्या माणसांची थडगी चुन्यानं रंगवायची, हा ईल सॅव्हरिन गावच्या, फ्रेंच नि आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांचा रिवाज. घर एक वेळ रंगवायचं राहील, थडगं राहायचं नाही. निदान पूर्वी तरी राहत नसे. हल्ली निम्म्या गावानं एक फवारणीवाला गाठलाय. तो येतो, पंपानं सरसकट चुना मारतो, पैसे खिशात घालतो आणि जातो. कुठल्या थडग्याखाली कोण झोपलंय, याच्याशी त्याला काय देणंघेणं! आणि खरं सांगायचं तर पैसे देणाऱ्यांनाही फारसं उरलेलं नाही.

नॅनन झेलिमाला मात्र हे चालत नसे. नॅनन म्हणजे धर्ममाता. ती ओडालीच्या आईची धर्ममाता होती, पण अख्खं गावच तिला नॅनन म्हणे. ओडाली-तिबूची आई कोंबड्यांच्या कारखान्यात पाळीवर जायची, त्यामुळे शाळा सुटली की दोघांची दप्तरं पडायची ती नॅननच्या पडवीत. जेवण तिथं, अभ्यास तिथं आणि धपाटेही तिथंच.

“बाजूला व्हा रे पोरांनो,” नॅनन काठी टेकत आली. “हाक मारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही.”

“हाक? कुणाला?” डोरियननं विचारलं.

“फिलोमेनला. तिच्या बहिणीला,” ओडाली कुजबुजली. “बघ आता.”

नॅननच्या गळ्यात दोरीला घराची भलीमोठी किल्ली असे. थडग्याच्या डोक्याशी काळा लोखंडी क्रूस होता. त्यावर ती किल्ली वाजवायची, म्हणजे आत झोपलेल्याला कळतं की आपलं माणूस आलंय. मग लोखंड घुमायचं, लांबवर, ठण्णऽऽ करून! ती झाली आतून आलेली ओ. नॅननला कानांनी फारसं ऐकू येत नसे. म्हणून ती क्रूसावर कपाळ टेकायची. कपाळातून तिला सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

पूर्वी सगळेच असं करत. आता एकटी नॅनन करते.

तिनं कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि किल्ली वाजवली.

टप्.

नॅननच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं पुन्हा वाजवली. टप्. मग जरा जोरात. टप्, टप्!

ती हळूहळू मागं सरकली आणि पालथ्या बादलीवर मटकन बसली. तिचा चेहरा बघून तिबूचा ढवळणारा हात थांबला.

“बोलत नाही,” नॅनन म्हणाली. “फिलोमेन बोलत नाही माझ्याशी.”

“अगं नॅनन, नीट लागली नसेल किल्ली. पुन्हा...”

“पन्नास वर्षं वाजवतेय मी! मला शिकवतेस?” ती फिसकारली आणि लगेच विझली. “गेल्या वर्षी आले नाही ना मी. खुब्याचं ऑपरेशन झालं, दवाखान्यात पडून होते. पण तिला ते कोण सांगणार? ती वाट बघत बसली असेल. लहानपणीही अशीच होती. एकदा रुसली की दिवसच्या दिवस तोंड उघडायची नाही.”

“आपण समजावू या तिला,” तिबू म्हणाला.

“आता काय समजावायचं, सोन्या!” नॅनननं किल्ली परत गळ्यात घातली. “लुसियन कधीचा मागं लागलाय, आई, ह्यूस्टनला चल म्हणून. सणाला येणारच आहे गाडी घेऊन. जाते मी त्याच्याबरोबर. या माणसांसाठी राहिले होते इथं. त्यांनाच मी नको झाले, तर कुणासाठी राहू?”

लुसियन म्हणजे तिचा मुलगा. नॅनन उठली आणि अक्रोडासारख्या पेकनच्या झाडाखाली जाऊन बसली, थडग्याकडे पाठ करून.

तिबूचे डोळे भरले. “ती खरंच जाणार?”

“जाणार,” ओडाली म्हणाली. नॅनन उगाच बोलत नसे, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

ओडालीला पाच वर्षांची असल्यापासून तो आवाज पाठ होता. तिनं ब्रशच्या दांड्यानं क्रूसावर ठोकलं. टप्! जुन्या टेबलावर ठोकल्यासारखा आवाज. ती चक्रावली. “रुसलेलं माणूस बोलणार नाही, कबूल. पण लोखंड कसं रुसेल? तिबू, तुझं चुंबक काढ!”

तिबूच्या खिशात दोरीला बांधलेलं गोल चुंबक कायम असे. ते नदीत सोडून तो बाटल्यांची झाकणं, गळ, खिळे असला खजिना वर काढायचा. त्यानं चुंबक क्रूसाला लावलं आणि हात सोडला. चुंबक बदकन चिखलात पडलं.

“अरेच्चा!”

डोरियननं नखानं काळा रंग खरवडला. खाली पिवळट काहीतरी निघालं, त्यात बारीक बारीक धागे. “हे लोखंड नाहीच! हे फायबरग्लास आहे!”

मग काय! तिघं रांगारांगांतून धावत सुटली. ठोक, चुंबक लाव, पुढं! ठोक, चुंबक लाव, पुढं! बाकीच्या क्रूसांना चुंबक टकाटक चिकटत होतं. जे सगळ्यांत जुने, एकाच लोहारानं घडवलेले सात क्रूस होते, तेवढेच खोटे निघाले. फिलोमेनचा त्यांतलाच एक.

“सात क्रूस गेले आणि गावात एकाच्याही लक्षात आलं नाही?” डोरियन म्हणाला.

“कोण हात लावतंय त्यांना?” ओडाली म्हणाली. तिला एकदम गावाची लाज वाटली.

“ए, हे काय आहे?” तिबू गुडघ्यांवर बसून एका खाचेत बोट घालत होता. त्यानं गुलाबी रंगाचा एक लवचीक तुकडा ओढून काढला. “च्युइंग गम?”

“खाऊ नकोस!” डोरियननं तो हिसकावला. “हे साच्याचं रबर आहे! माझी आई सिनेमावाल्यांसाठी खोट्या तलवारी नि खोटे दगड करते ना, तिच्याकडे याचे डबे असतात. खऱ्या वस्तूवर हे ओतायचं, साचा घ्यायचा आणि साच्यातून नक्कल काढायची. म्हणजे कुणीतरी इथं येऊन, आरामात बसून काम केलंय!”

“गुलाबी...” तिबूनं डोकं खाजवलं. “असे डाग मी पाहिलेत. हां! लॉर्मो हवेली! वसंतात शाळेची सहल नेली होती. तिथल्या कोठारात मी गुलाबी डागावर पाय दिला आणि बाईंनी माझा कान पिळला!”

“हवेलीत जाण्याआधी नॉन्क आर्सेनना सांगायला हवं,” ओडाली म्हणाली.

नॉन्क म्हणजे काका. नॉन्क आर्सेन हा नॅननचा आणि फिलोमेनचा धाकटा भाऊ. चर्चच्या समितीचा अध्यक्ष. फवारणीवाल्याचं पहिलं गिऱ्हाईकही तोच. तिघं पोचली तेव्हा तो अंगणात गाडी धूत होता.

“खोटे क्रूस? काय डोकं फिरलंय का तुमचं?” तो हसला. “सणाच्या तोंडावर दफनभूमीत धुडगूस घालू नका.”

“पण नॉन्क, आम्ही रंग खरवडून बघितला! आत पिवळं...”

“खरवडला?” पाण्याचा पाइप त्याच्या हातातून सुटला आणि डोरियनचे बूट भिजले. “अरे गाढवांनो, तो रंग किती महागाचा आहे, कल्पना आहे का? खास मागवलेला! चला, पळा इथून. आणि झेलिमाला काही बोलू नका, तिची तब्येत बरी नसते.”

तिघं कोपऱ्यावर आली.

“त्यांना कसं माहीत, रंग महागाचा आहे ते?” तिबूनं विचारलं.

ओडालीनं मागं वळून अंगणाकडे बघितलं. “चला, हवेलीत जाऊ.”

*

लॉर्मो हवेली म्हणजे पांढऱ्या खांबांची, ओकच्या झाडांमागची, आता वारसा मंडळाच्या ताब्यातली. दुपारी तिथं पर्यटकांची बस आली. तिघं त्या घोळक्यात मिसळली. तिबूनं तर एका आजींचा हातच धरला. आजींनाही काही गैर वाटलं नाही.

घेरदार झगा घातलेली एक बाई सगळ्यांना फिरवत होती. हे झुंबर, हा पियानो, या मॅडम लॉर्मोंच्या चांदीच्या चमच्यांच्या पेट्या.

“चमचे पुसायचं कोण?” ओडालीनं विचारलं.

“छान प्रश्न!” बाई गोड हसली आणि पुढच्या खोलीत गेली.

शेवटच्या दालनाला लाल दोर लावला होता. “हे नवं दालन. सणाच्या दिवशी सकाळी उद्घाटन. आज नुसतं दारातूनच बघा हं!”

लाल भिंतीवर, प्रत्येकावर वेगळा दिवा सोडून, सात काळे क्रूस टांगले होते.

“लॉर्मो घराण्याचा संग्रह,” बाई सांगत होती. “कारागीर अज्ञात. पण काम इतकं नाजूक आहे, की बहुधा फ्रान्सहून मागवले असावेत.”

ओडालीनं लाल दोर घट्ट धरला. अज्ञात? दर वर्षी चुना लावताना नॅनन त्याचंच तर सांगायची! नार्सिस लोहार. तिच्या पणजोबांचा बाप. याच लॉर्मोंचा गुलाम, याच हवेलीच्या भट्टीत दिवसभर घोड्यांचे नाल ठोकणारा. संध्याकाळी, मालकाचं काम संपल्यावर, मोडक्या चाकांच्या धावा नि नांगरांचे तुकडे तापवून तो आपल्या मेलेल्या माणसांसाठी क्रूस घडवायचा. फिलोमेनचा क्रूस त्यानं स्वतःच्या बायकोसाठी केला होता. पुढं त्याच थडग्यात घरातली माणसं जात राहिली, शेवटी फिलोमेन गेली. ज्या घरानं त्याला राबवलं, त्याच घरानं त्याचा क्रूस भिंतीवर टांगला, आणि वर कारागीर अज्ञात!

“आता!” तिनं डोरियनला कोपर मारलं.

“बाई गं, मला चक्कर येतेय!” डोरियन किंचाळला आणि घेरदार झग्यातच कोसळला. एकच धांदल उडाली. तिबूनं दोराखालून चुंबक भिरकावलं. टक्! शेवटच्या क्रूसाला, फिलोमेनच्याच, ते घट्ट चिकटलं. ओडाली दोराखालून शिरली आणि तिनं नाण्यानं ठोकलं.

क्रूस वाजला. आणि त्याबरोबर हवेलीतली धोक्याची घंटाही!

पण ओडाली जागेवरून हलली नाही. क्रूस वाजला होता खरा, पण तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. घोगरा, तोकडा. तिनं खाली बघितलं. क्रूसाचा पाय वीतभर कापलेला होता.

*

वारसा मंडळाचे संचालक मिस्टर प्रुइट अजिबात रागावले नाहीत. त्यांनी तिघांना खुर्च्या दिल्या, लिंबाचं सरबत दिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ओडालीला वाटलं.

“बाळांनो, ही चोरी नाही,” ते समजावत म्हणाले. “तुमच्या चर्चच्या समितीच्या अध्यक्षांनी स्वतः परवानगी दिलीय. बाहेर हे क्रूस उन्हापावसात गंजत होते. इथं सुरक्षित राहतील. बदल्यात आम्ही हुबेहूब नकला बसवल्या, शिवाय तुमच्या चर्चचं छप्परही दुरुस्त करून दिलं. वर्ष होत आलं, कुणाला फरक कळला का? सांगा बरं!”

“नॅननला कळला,” तिबू म्हणाला.

“कोण नॅनन?”

“फिलोमेनच्या क्रूसाचा पाय का कापला?” ओडालीनं विचारलं.

“तो जरा उंच होता. भिंतीवर मावत नव्हता.”

परत येताना कापसाच्या शेतांमधून तिघं सायकली हाकत होती. 

“चोर असता तर सोपं होतं,” ओडाली म्हणाली. “पोलिसांना बोलावलं असतं. हे तर आपलेच! फिलोमेन त्यांची सख्खी बहीण आहे रे! आपल्या बहिणीचा क्रूस दिला त्यांनी, छपरासाठी!”

“नॅननला सांगायचं?”

“काय सांगणार? तुझी बहीण रुसली नाही, तुझ्या भावानं तिला देऊन टाकलंय? क्रूस परत आणू, मग सांगू.”

“आणणार कसा? त्यांच्याकडे परवानगी आहे,” डोरियन म्हणाला. मग त्यानं करकचून ब्रेक दाबला. “थांब! ते काय म्हणाले? हुबेहूब! कुणाला फरक कळत नाही! बरोबर?”

“हो. मग?”

“मग त्यांच्याकडे कुठला राहिला, यानं त्यांना तरी काय फरक पडतो?”

 त्या दिवशी पहिल्यांदाच ओडालीच्या चेहऱ्यावर हसू आलं. “बुटांचा नाद सोडला तर तू बरा आहेस!”

*

सणाच्या सकाळी तिघांनी सातही खोटे क्रूस उपटले. उपटले कसले, मुळ्यासारखे हातात आले! तिबूनं तर दोन दोन काखेत मारून नेले. सायकलला बांधलेल्या ढकलगाडीत ते भरून, वर गोणपाट टाकून वरात हवेलीकडे निघाली.

लाल दालन पाहुण्यांनी भरलं होतं. हातांत पेले, ताटल्यांत इवलेइवले पदार्थ. एक पत्रकार मुलगी कॅमेरा घेऊन उभी होती. पहिल्या रांगेत नवा सूट घातलेला नॉन्क आर्सेन बसला होता, आणि त्याच्या शेजारी गावचे नवे पाद्री, फादर ओर्तेगा. ते उन्हाळ्यातच गावात आले होते.

“आणि मंडळी,” मिस्टर प्रुइट भाषणात रंगले होते, “गावकऱ्यांचंही काही नुकसान नाही! आम्ही दिलेल्या प्रतिकृती इतक्या तंतोतंत आहेत, की जाणकारालासुद्धा फरक सांगता येणार नाही!”

“अगदी बरोबर!” मागून आवाज आला.

सगळ्यांनी मान वळवली. चुन्याच्या कपड्यांतली ओडाली दारातून ढकलगाडी आत घेत होती. चाक कर्रकर्र वाजत होतं.

“सर, तुम्ही म्हणालात, दोन्हींत काहीच फरक नाही. आम्हाला पटलं. म्हणून हे घ्या तुमचे. आणि आमचे द्या.”

“बाळ, आत्ता नको...”

“का नको? हे चांगलेच आहेत, सर!” तिबूनं एक क्रूस डोक्यावर उचलून सोडून दिला. तो चेंडूसारखा टुणकन उडाला आणि एका बाईंच्या पायाशी जाऊन थांबला. “बघा, फुटत नाही! गंजत नाही! आणि हलका किती! भिंतीवर टांगायला तर एकदम बेस्ट!”

कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणी. कॅमेरा लखलखला.

“हे पाहा, मुलांनो,” मिस्टर प्रुइटांच्या कपाळावर घाम आला, “अस्सल ते अस्सल. त्याला इतिहासाचं मोल असतं...”

“म्हणजे फरक आहे तर!” डोरियन ओरडला. “एकदा काय ते ठरवा ना!”

आता अख्खं दालन हसलं. ओडाली मात्र हसत नव्हती. “तुमच्या भिंतीवर अस्सल हवं, आणि आमच्या माणसांच्या डोक्याशी खोटं चालेल? आणि कारागीर अज्ञात नाही! त्याचं नाव नार्सिस. याच घराच्या भट्टीत तो राबला. गावात विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं!” मग तिचा आवाज जरा खाली आला. “म्हणजे नॅनननं तरी नक्की सांगितलं असतं.”

दालनातलं हसू विरलं.

“ही परवानगी दिली कुणी?” फादर ओर्तेगांनी विचारलं.

“म्हणजे... अध्यक्षमहाशय इथंच आहेत,” मिस्टर प्रुइट म्हणाले.

नॉन्क आर्सेन बुटांकडे बघत होता. “जुनं लोखंड होतं हो. छपरातून पाणी येत होतं. मी म्हटलं, कुणाचं काय जातंय?”

“नॅननला का नाही विचारलं?” तिबूनं विचारलं.

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असती,” नॉन्क आर्सेन चटकन बोलून गेला.

 पत्रकार मुलगी भराभरा लिहून घेत होती. मिस्टर प्रुइटांनी तिच्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, आणि भिंतीवरचे क्रूस उतरवायला माणूस बोलावला. फादर ओर्तेगा बाह्या वर करत उठले. “माझी पिकअप बाहेर आहे. चला, उचला.”

*

दुपारी अख्खं ईल सॅव्हरिन दफनभूमीत जमलं. चर्चच्या दारात लुसियनची गाडी उभी होती. टपावर नॅननची जुनी पेटी बांधलेली होती. जाण्याआधी शेवटचं बघून घ्यावं म्हणून नॅनन आली होती, पण फाटकाशीच थांबली होती.

ओडालीनं तिला सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.  मग नॅनन काठी टेकत, ओळीनं चालत फिलोमेनच्या थडग्यापाशी गेली. क्रूस आता परत मातीत रोवला होता, वीतभर बुटका. तिनं कपाळ टेकलं आणि किल्ली वाजवली.



“आली,” नॅनन म्हणाली. “पण आवाज बसलाय तिचा.” तिनं क्रूसावरून हात फिरवला. “वर्षभर त्या गार खोलीत ठेवलं होतं ना. बसणारच.”

तिबू फिसकन हसला. मग नॅननच्या गालांवरून पाणी ओघळताना दिसलं, आणि तो तिला बिलगला. “पण ती रुसली नव्हती ना, नॅनन?”

“नव्हती रे. रुसली असती तर बरं होतं. रुसव्याची समजूत काढता येते.” तिनं डोळे पुसले. “वर्षभर ती इथं नव्हती, आणि आपल्यापैकी कुणाला पत्ताही नाही. लोकांनी मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली, घरी जाऊन जेवले! याचं काय करू मी?” मग तिनं तिघांची डोकी एकापाठोपाठ एक कुरवाळली, डोरियनचंसुद्धा. “या गावात तुम्हालाच तेवढे कान आहेत, पोरांनो.”

तेवढ्यात माइक खरखरला. नॉन्क आर्सेन ओट्यावर उभा होता. सूट तोच, आवाजही परत पहिल्यासारखा खणखणीत.

“बंधुभगिनींनो! आज आपला वारसा आपल्याकडे परत आलाय! आपली समिती कायम जागरूक असते आणि त्या जागरूकतेला साथ दिली या तीन रत्नांनी! या, बाळांनो, वर या! टाळ्या!”

“समितीची जागरूकता?” डोरियन पुटपुटला.

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. ज्यांच्या घरचे क्रूस वर्षभर खोटे होते, त्यांनीही पोटभर वाजवल्या. तिघांना पेकनच्या वड्यांचा एकेक डबा मिळाला. गावातली मोठी माणसं येऊन त्यांच्या पाठीवर थापा मारून गेली. “शाबास! नाव काढलंत गावाचं!” ओडाली डबा धरून उभी होती. तिला तो उघडावासाही वाटत नव्हता.

टाळ्या थांबल्या तेव्हा नॅनन ओट्यापाशी पोचली होती. तिनं गळ्यातली किल्ली काढली.

“आर्सेन, छान बोललास,” ती म्हणाली. माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “आता ही घे. जा, फिलोमेनला हाक मार. तिलाही कळू दे, तू किती जागरूक आहेस ते.”

“आत्ता? झेलिमा, लोक थांबलेत...”

“थांबतील. मी पन्नास वर्षं थांबले.”

नॉन्क आर्सेननं किल्ली घेतली. हसत हसत, लोकांना हात करत तो थडग्यांमध्ये शिरला. पहिली ओळ. दुसरी ओळ. ताज्या चुन्यानं सगळी थडगी सारखीच पांढरी झाली होती आणि नावं चुन्याखाली बुजली होती. ज्याचं त्याला ठाऊक असतं, म्हणून ईल सॅव्हरिनमध्ये नावं कुणी उकरत बसत नाही.

तो एका क्रूसाशी थांबला. किल्ली उचलली.

“ते आमच्या आजोबांचं आहे,” गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं.

“हो हो, माहीत आहे,” नॉन्क आर्सेन म्हणाला आणि पुढं सरकला. पुढच्या क्रूसाशी थबकला. मागं वळून बघितलं. पुन्हा पहिल्या ओळीत आला. आता तो हसत नव्हता. कुणीच हसत नव्हतं.

तिबूला राहवेना. “नॅनन, मी दाखवू का त्यांना? त्या तिथं तर आहे!”

नॅनननं त्याची कॉलर घट्ट धरली.

लुसियन गाडीची किल्ली वाजवत आला. “आई, निघायला हवं. वाटेत अंधार पडेल.”

“पेटी उतरव,” नॅनन म्हणाली. थडग्यांमध्ये एकट्याच फिरणाऱ्या भावावरची नजर तिनं काढली नाही. “ह्याला बहीण सापडेपर्यंत मी कुठं जाते!”